उद्योगाची वाढ आणि लोकहित : खानदेशातील तीन अनुभव

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात देणगीदारांची नामावली प्रसिद्ध करण्याची प्रथा आहे आणि ती सर्वथा योग्य आहे. ज्यांच्या साहाय्याने रुग्णसेवा चालते त्यांचे ऋण मान्य करणे हे संस्थेचे कर्तव्यच होय. परंतु उद्योजकाने समाजासाठी काय केले, याचे मोजमाप केवळ या नामावलीवरून करता येत नाही. ज्याचे नाव यादीत कोठेही नाही, पण ज्याच्या कारखान्यातील प्रत्येक कामगाराची विमा योजनेत नोंद आहे, त्या मालकानेही रुग्णालयाचा भार हलका केलेला असतो. उलट एखाद्या उदार देणगीदाराच्याच गोदामात काम करणारा हमाल निर्धन रुग्णाच्या खाटेवर दाखल होतो, असेही घडू शकते. उद्योगाची भरभराट आणि समाजाचे हित यांचा संबंध नेमका कोठे जुळतो व कोठे तुटतो, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या खानदेशातच तीन ठळक उदाहरणे आहेत.

पिंप्राळा हे एके काळी जळगावच्या शेजारचे स्वतंत्र गाव. आज ते शहरात मिसळून गेले आहे आणि २००३ मध्ये अस्तित्वात आलेल्या जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. आषाढी एकादशीचा रथ ही गावाची जुनी ओळख कायम असली, तरी उपजीविकेची साधने पालटली आहेत. डाळ मिल, प्लास्टिकच्या चटया, पाइप, केळीचा व्यापार, सुवर्णपेढ्या, वाहतूक अशा व्यवसायांवर जळगाव परिसरातील असंख्य घरांची चूल अवलंबून आहे. त्यामुळे या व्यवसायांचे बरेवाईट आणि रुग्णालयातील गर्दी यांचा निकटचा संबंध येतो.

प्रताप शेठ आणि अमळनेरची गिरणी

खानदेशातील कापूस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाच्या बाजारात पोहोचला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्याच दशकात लोहमार्ग खानदेशात आला. गावोगाव सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. परंतु गाठी बांधून झाल्या की माल मुंबईला आणि तेथून परदेशी जात असे. कापसाचे सूत होताना आणि सुताचे कापड होताना जी मोलाची भर पडते, ती दुसरीकडेच पडे. मोतीलाल माणेकचंद उपाख्य श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९०६ मध्ये अमळनेर येथे कापडगिरणी उभारली. या घटनेचे महत्त्व त्या दृष्टीने पाहिले पाहिजे. कापूस जेथे पिकतो तेथेच कातला व विणला जाऊ लागला आणि मजुरीचा पैसा तालुक्याच्या बाजारपेठेत फिरू लागला. आर्थिक वाढ म्हणतात ती मुळात एवढ्या साध्या गोष्टीपासून सुरू होते.

प्रताप शेठ यांनी मिळालेल्या संपत्तीचा विनियोग कसा केला, हे अधिक उद्बोधक आहे. १९१६ मध्ये त्यांनी अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानाच्या उच्च अभ्यासाची संस्था काढणे हे त्या काळी, आणि खरे पाहता आजही, व्यवहारी माणसाला न पटणारे धाडस होते. नामवंत तत्त्वचिंतक कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी या संस्थेत काम केले. साने गुरुजी अमळनेरला आले तेही याच संस्थेच्या ओढीने. पुढे १९२४ ते १९३० या काळात ते तेथील शाळेत शिक्षक होते. ती शाळा आज प्रताप हायस्कूल या नावाने परिचित आहे. १९४५ मध्ये प्रताप महाविद्यालय सुरू झाले व खानदेशातील मुलांना पदवीसाठी पुणे-मुंबईचा रस्ता धरण्याची गरज उरली नाही.

कालांतराने कापडगिरण्यांचे दिवस पालटले. मुंबईच्या गिरण्या गेल्या तशा अमळनेर-धुळ्याच्याही गेल्या आणि भोंग्यावर चालणारी गावे एकाएकी शांत झाली. गिरणी बंद झाली तरी महाविद्यालय मात्र चालू राहिले, शाळा चालू राहिली. असे का झाले? या शिक्षणसंस्था गिरणीचे खाते म्हणून चालत नव्हत्या. त्यांची नोंदणी वेगळी होती, कारभार पाहणारी मंडळी वेगळी होती, आणि शुल्क व शासकीय अनुदान असे उत्पन्नाचे मार्गही वेगळे होते. गिरणीच्या नफ्याने त्यांचा जन्म झाला, परंतु त्यांचे जगणे त्या नफ्यावर अवलंबून राहिले नाही.

या चित्राची दुसरी बाजू झाकणे बरोबर होणार नाही. ज्या गावी शाळेत शिकवले त्याच खानदेशातील गिरणी कामगारांच्या हक्कांसाठी पुढे साने गुरुजींना आवाज उठवावा लागला. विद्येला दिलेले दान आणि कामगाराला द्यावयाचे वेतन ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यात जमा आहे म्हणून दुसऱ्या खात्यातील देणे फिटत नाही. हे त्या काळी खरे होते तसे आजही आहे.

अमळनेरचे समभागधारक

त्याच अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांची ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी नोंदली गेली. परिसरात भुईमूग होता, सुरत-भुसावळ लोहमार्ग होता. कारखान्यात वनस्पती तूप आणि पुढे साबण तयार होऊ लागला. १९६६ मध्ये पित्याच्या निधनानंतर अवघ्या एकविसाव्या वर्षी अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट सोडून परतले व त्यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली. हीच कंपनी पुढे विप्रो या नावाने जगप्रसिद्ध झाली. २०१३ मध्ये साबण व इतर ग्राहकोपयोगी वस्तूंचा व्यवसाय माहिती तंत्रज्ञानाच्या कंपनीपासून वेगळा करण्यात आला.

अमळनेरचे नाव अर्थविषयक लेखनात वारंवार येते ते मात्र कारखान्यामुळे नव्हे, तर तेथील समभागधारकांमुळे. कंपनी लहान असतानाच गावातील व्यापारी, शेतकरी, नोकरदार अशा अनेक कुटुंबांनी तिचे समभाग घेतले आणि ते मोडले नाहीत. कंपनीने वेळोवेळी बोनस समभाग दिले, लाभांश दिला, आणि मूळची छोटी रक्कम पिढी पालटेपर्यंत अनेक पटींनी वाढली. एखाद्या सधन घराच्या संपत्तीचा उगम विचारावा आणि उत्तर आजोबांनी घेऊन ठेवलेल्या समभागांत सापडावे, अशी उदाहरणे तेथे आहेत.

यातील मर्म असे की, कारखान्यामुळे गावाला मिळणारे लाभ दोन प्रकारचे असतात. वेतन, मालाची किंमत, वाहतुकीचे भाडे हा पहिला प्रकार. काम चालू आहे तोवर तो मिळतो. मालकीतील वाटा हा दुसरा प्रकार. उद्योग वाढेल तसा तोही वाढतो. आपल्याकडे पहिल्याचा विचार होतो, दुसऱ्याचा क्वचितच. अर्थात, ज्याच्याजवळ शिल्लक होती त्यानेच समभाग घेतले. कारखान्यात पोती वाहणाऱ्याच्या हाती शिल्लक कोठून येणार? शिवाय त्या काळी समभाग घेतलेल्या इतर किती कंपन्या बुडाल्या, याच्या कथा कोणी सांगत नाही. म्हणून अमळनेरचा अनुभव जसाच्या तसा सर्वत्र घडेल असे मानू नये. परंतु कामगारांना व परिसरातील शेतकऱ्यांना मालकीत रीतसर वाटा देण्याची योजना उद्योजकाने हेतुपुरस्सर आखली तर काय घडू शकते, याची कल्पना त्यावरून येते.

अझीम प्रेमजी यांनी २००१ मध्ये आपल्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन करून सरकारी शाळांतील शिक्षणाच्या कामाला हात घातला. मार्च २०१९ मध्ये त्यांनी विप्रोतील आणखी ३४ टक्के समभागांचे आर्थिक लाभ या प्रतिष्ठानाकडे वर्ग करण्याची घोषणा केली, तेव्हा प्रतिष्ठानाला दिलेल्या एकूण संपत्तीचे मूल्य सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये सांगण्यात आले. रकमेचा आकार डोळे दिपवणारा आहे. तरी आमच्या दृष्टीने दानाची रीत अधिक महत्त्वाची वाटते. दरवर्षी नफा पाहून देणगी ठरवण्याऐवजी उत्पन्न देणारी मालमत्ताच संस्थेच्या हवाली करण्यात आली. त्यामुळे पुढील वर्षी पैसे येतील की नाही ही विवंचना संस्थेला करावी लागत नाही व दहा-वीस वर्षांची कामे हाती घेता येतात.

भवरलाल जैन : व्यवसायातच साधलेले हित

तिसरे उदाहरण जळगावकरांच्या अगदी डोळ्यांसमोरचे आहे. भवरलाल जैन यांचा जन्म १२ डिसेंबर १९३७ रोजी जामनेर तालुक्यातील वाकोद येथे झाला. वाणिज्य व कायद्याचे शिक्षण घेतल्यावर शासकीय सेवेत अधिकारपदाची संधी त्यांच्यापुढे चालून आली होती. ती नाकारून १९६३ मध्ये कुटुंबाच्या बचतीतील सात हजार रुपयांवर त्यांनी जळगावात रॉकेल विक्रीचा व्यवसाय सुरू केला. त्यातून खते, बियाणे, ट्रॅक्टर अशा शेतीच्या गरजांकडे ते वळले. १९७८ मध्ये केळीच्या पावडरीचा जुना कारखाना घेऊन त्यांनी तेथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्यास प्रारंभ केला. १९८० मध्ये पीव्हीसी पाइप आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचन अशी वाटचाल झाली. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

ठिबक सिंचनाचे महत्त्व शेतकऱ्याला सांगण्याची आवश्यकता नाही, तरी शहरी वाचकांसाठी थोडा खुलासा करणे इष्ट होईल. केळी हे पाण्याला अत्यंत हपापलेले पीक. रावेर, यावल, भुसावळ, चोपडा या पट्ट्यात विहिरींचे पाणी दरवर्षी खोल जात असताना पाटाने पाणी सोडले, तर बरेचसे पाणी दोन ओळींमधल्या जमिनीत मुरते किंवा उन्हाने उडून जाते. नळीतून थेंबाथेंबाने ते मुळाशी दिले म्हणजे पाणी वाचते, खतही त्याच नळीतून विरघळवून देता येते आणि वीजही कमी लागते. १९९० च्या दशकात याला ऊतिसंवर्धित रोपांची जोड मिळाली. प्रयोगशाळेत वाढवलेली ही रोपे एकसारखी आणि निरोगी असतात. पूर्वी साधारण अठरा महिने घेणारे पीक वर्षाच्या आत-बाहेर हाती येऊ लागले. सगळी बाग एकाच सुमारास कापणीला आल्याने व्यापाऱ्याशी सौदा करणेही सोपे झाले. पांढऱ्या कांद्याच्या निर्जलीकरणासाठी कंपनीने शेतकऱ्यांशी आगाऊ करार करण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे निदान काही शेतकऱ्यांना लागवडीपूर्वीच किमतीचा अंदाज येऊ लागला.

येथे दानधर्म कोठेही नाही. वस्तू विकली गेली, किंमत घेतली गेली, नफाही झाला. तरीसुद्धा समाजाला जो लाभ झाला तो अनेक देणग्यांपेक्षा मोठा होता, कारण विक्रीला ठेवलेली वस्तूच परिसरातील सर्वांत अवघड प्रश्नावरचा, म्हणजे पाण्यावरचा, उपाय होती. उद्योजकाने समाजासाठी काय करावे, असा प्रश्न आला की पुष्कळदा आधी नफा व मग त्यातून दान, असा क्रम गृहीत धरला जातो. जैन यांच्या कार्याने हा क्रम बदलून दाखवला. दानाच्या रूपाने झालेली कामे नंतर आली. अनुभूती ही निवासी शाळा निघाली. २०१२ मध्ये जैन हिल्सवर गांधी तीर्थ उभे राहिले आणि त्याचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती व जळगावच्याच कन्या प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. धनिकाने स्वतःला संपत्तीचा मालक न मानता विश्वस्त मानावे, हा महात्मा गांधींचा विचार उद्योगनगरीच्या टेकडीवर संग्रहालयरूपाने नांदतो आहे, याचे औचित्य वेगळे सांगावयास नको.

मात्र उद्योगाची वाट सरळ नसते. या कंपनीवरील कर्जाचा बोजा वाढत गेला आणि २०१९ मध्ये देणी वेळेवर फेडणे तिला शक्य झाले नाही. बँकांसमवेत कर्जाच्या पुनर्रचनेची प्रक्रिया २०२२ मध्ये पूर्ण झाली व २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन करण्यात आला. हा उल्लेख दोष दाखवण्यासाठी केलेला नाही. जिल्ह्याचा आधारवड मानल्या गेलेल्या उद्योगालाही कठीण दिवस येतात, आणि अशा वेळी त्या उद्योगाच्या चालू नफ्यावर ज्या संस्था उभ्या असतील त्यांचे काय होईल, हा प्रश्न प्रत्येक विश्वस्त मंडळाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

दोन टक्क्यांचे दोन कायदे

योगायोग असा की, कंपन्यांना आणि धर्मादाय रुग्णालयांना लागू असलेल्या दोन वेगवेगळ्या नियमांत दोन टक्के हाच आकडा येतो. दोहोंची गल्लत होऊ नये म्हणून थोडे विवेचन करतो.

पहिला नियम कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ चा. तो १ एप्रिल २०१४ पासून अमलात आला. ५०० कोटी रुपये निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांपैकी एक जरी निकष पूर्ण होत असेल तर कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामासाठी खर्च करावी, अशी त्या वेळी तरतूद झाली. आरोग्यसेवा ही मान्य कामांपैकी एक आहे आणि कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे अशी अपेक्षा आहे. केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च यात धरला जात नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर न खर्चलेली रक्कम तशीच ठेवून देता येत नाही आणि मदत स्वीकारणाऱ्या संस्थेला त्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

या कायद्याने मोठा निधी समाजाकडे वळवला हे मान्य करूनही त्याच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील अनेक डाळ मिल व चटई कारखाने भागीदारीचे किंवा एकट्याच्या मालकीचे आहेत. त्यांना कंपनी कायदाच लागू नाही, तेव्हा त्यांच्याकडून जे येते ते स्वेच्छेनेच येते. दुसरे असे की, सरासरी नफा घटला की दोन टक्केही घटतात, आणि मंदीच्या ज्या वर्षांत लोकांचे रोजगार जातात व धर्मादाय खाटांची गरज वाढते, त्यांच्या मागोमागच हा ओघ आटतो. पिंप्राळ्याचा रथ ओढायला शेकडो हात लागतात, पण उतारावर त्याला आवर घालतात ते चाकाखाली मोगरी लावणारे. कायद्याचे काम मोगरीसारखे आहे. त्याने रथ वाटेवर राहतो. ओढण्याचे बळ त्यात नसते.

दुसरा नियम धर्मादाय रुग्णालयांचा. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक अन्वये आणि २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या एकूण देयकाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. निर्धन रुग्णाची खाट, डॉक्टरांची तपासणी, परिचर्या, नेहमीच्या चाचण्या यांचे मूल्य आकारले जात नाही. औषधे, वापरून संपणारे साहित्य आणि शरीरात बसवावयाचे भाग मात्र खरेदीच्या किमतीला या निधीतून भागवले जातात.

कागदावर ही व्यवस्था पुरेशी वाटते. प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या मध्यम रुग्णालयात महिन्याला २० लाख रुपयांची देयके झाली. दोन टक्क्यांनी निधीत ४० हजार रुपये जमा होतील. त्या महिन्यात खुब्याचे हाड मोडलेले एखाद-दोन वृद्ध, सर्पदंशाचा एक शेतमजूर आणि अतिदक्षता विभागात ठेवावे लागणारे एक बालक दाखल झाले, तर हा निधी महिना संपण्यापूर्वीच संपू शकतो. पुढच्या रुग्णाला नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. तूट मग संस्थेला आपल्या इतर उत्पन्नातून, म्हणजे अंतिमतः देणगीदारांच्या आधारावर, भरून काढावी लागते.

देणगीच्या आधीचे देणे

म्हणूनच रुग्णालयाच्या दृष्टीने उद्योजकाचे पहिले सामाजिक कार्य त्याच्या कारखान्याच्या फाटकाच्या आत घडते. दहा किंवा अधिक कामगार असणाऱ्या आस्थापनांतील ठरावीक वेतनापर्यंतच्या कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना आहे. जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. एवढ्या रकमेत कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात, आजारपणात वेतनाचा काही भाग मिळतो. हजेरीपटावर नऊच नावे दाखवून उरलेल्यांना ठेकेदाराकडे ढकलणे सोपे असते. त्यातून वाचलेला पैसा कोठेतरी फेडावाच लागतो. तो कामगाराची बायको मंगळसूत्र गहाण ठेवून फेडते, किंवा निर्धन रुग्ण निधीतून फिटतो.

कारखान्यातील धुळीचाही विचार व्हावा. कापसाच्या धुळीमुळे फुप्फुसाचा जो विकार होतो त्याला वैद्यकशास्त्रात बिसिनोसिस म्हणतात. साप्ताहिक सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे आरंभीचे लक्षण. कामगार त्याला थकवा समजतो व काम चालू ठेवतो. वर्षानुवर्षे असेच चालले तर श्वासनलिकांची हानी भरून येत नाही. डाळ मिलमध्ये टरफलांची बारीक धूळ दिवसभर हवेत तरंगत असते. धूळ ओढून घेणारे पंखे व गाळण्या बसवणे, तोंडावर चांगल्या प्रतीचा मास्क देणे आणि वर्षातून एकदा श्वासाची क्षमता मोजून घेणे, याला येणारा खर्च पुढील औषधोपचाराच्या मानाने थोडा असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत माल चढवण्या-उतरवण्याचे काम दुपारी बारा ते चार बंद ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने उष्माघाताच्या किती खाटा रिकाम्या ठेवल्या, याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

मोठ्या उद्योगांनी लहान पुरवठादारांची देयके वेळेवर चुकती करणे हेही याच खात्यातील काम होय. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादारांसाठी ४५ दिवसांची कमाल मुदत घातली आहे. ती उलटली की लहान कारखानदार आपल्या कामगारांचा पगार थांबवतो आणि त्याची झळ अखेरीस सर्वांत खालच्या माणसाला लागते.

देणगी कोणत्या स्वरूपात द्यावी

आता देणगीविषयी. इमारतीसाठी देणगी मिळवणे त्या मानाने सोपे असते, कारण कोनशिला दिसते. रुग्णालयाचा खरा खर्च मात्र न दिसणारा असतो : परिचारिकांचे वेतन, वीज, प्राणवायू, औषधे, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट. या आवर्ती खर्चाची सोय कायम निधीच्या व्याजातून होऊ शकते. कायम निधीस देणगी देताना ती मूळ धनात जमा करावी, असे देणगीदाराने पत्रात स्पष्ट लिहून देणे आवश्यक आहे. तसे न लिहिल्यास ती रक्कम त्या वर्षाचे सर्वसाधारण उत्पन्न समजली जाते आणि पुढील पिढीसाठी दिलेला पैसा चालू वर्षातच खर्ची पडतो. आणखी एक बारीक बाब : प्राप्तिकराची सवलत हवी असल्यास २,००० रुपयांवरील देणगी रोखीने देऊ नये.

यंत्रसामग्री देणाऱ्यांनी डायलिसिसचे उदाहरण पुढे ठेवून विचार करावा असे सुचवावेसे वाटते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास या यंत्रावर राहावे लागते. वर्षाला हे १५६ वेळा होते, आणि मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण न झाल्यास आयुष्यभर चालते. प्रत्येक वेळी सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाण्याचा द्राव लागतो. त्यासाठी वेगळे शुद्धीकरण संयंत्र लागते व त्याच्या गाळण्या वरचेवर बदलाव्या लागतात. रक्त गाळणारी नळी, इतर नळ्या, औषधे, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि यंत्राच्या वार्षिक देखभालीचा करार हे सर्व त्याशिवाय. चोपडा किंवा रावेर तालुक्यातील शेतमजूर असेल तर आठवड्यातून तीन वेळा त्याचे व सोबतच्या माणसाचे येण्याजाण्याचे भाडे आणि दोघांचीही बुडालेली मजुरी धरावी लागते. यांपैकी कोणतीही बाब यंत्राच्या किमतीत समाविष्ट नसते.